तीन होम असिस्टंट, तीन झिगबी डोंगल आणि एक विहिरीची मोटर: जोडायचं काय आणि जोडायचं नाही काय

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. घर दुमजली. खाली आई-बाबा, वर मुलगा-सून, आणि दीड किलोमीटरवर शेतातली वस्ती. तिन्हीकडे एकेक रास्पबेरी पाय (छोटा संगणक), प्रत्येकावर होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं सांभाळणारं सॉफ्टवेअर, म्हणजे आपला सर्व्हर) आणि एकेक झिगबी डोंगल (उपकरणांशी झिगबी या रेडिओ पद्धतीने बोलणारी यूएसबी कांडी). खालच्या मागच्या दाराचा सेन्सर वरच्या मजल्यावरही कळायला हवा, वस्तीवरच्या विहिरीची मोटर घरून चालू-बंद करता यायला हवी. आणि शेवटी विचारलंय: "तिन्ही डोंगलांना एकच पॅन आयडी आणि एकच नेटवर्क की दिली तर सगळं मिळून एकच झिगबी नेटवर्क होईल का?"

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथेच लोकांचे शनिवार-रविवार वाया जातात. नाही, होणार नाही. झिगबीच्या एका जाळ्यात कोऑर्डिनेटर (जाळं उभं करणारा मुख्य रेडिओ, इथे डोंगल) एकच असतो आणि त्याचा छोटा पत्ता कायम शून्य असतो. तिन्ही डोंगलांना तोच पॅन आयडी (जाळ्याचा क्रमांक), तीच १२८ बिटांची की (जाळ्याची गुप्त किल्ली) आणि तोच चॅनेल दिलात, तर एका घरनंबरावर तीन बिऱ्हाडं बसवल्यासारखं होतं. आज दिवा चालतो, उद्या चालत नाही, परवा भलत्याच सर्व्हरवर दिसतो. दाराचा सेन्सर ज्या जाळ्यात पेअर झाला त्याच जाळ्यात राहतो. जाळ्याच्या आत तो या राउटरकडून (झिगबीत राउटर म्हणजे दुसऱ्यांचे संदेश पुढे नेणारं, विजेवर चालणारं उपकरण) त्या राउटरकडे सरकेल, पण शेजारच्या जाळ्यात उडी मारणार नाही.

म्हणून रेडिओ जोडायचे नाहीत. प्रत्येक उपकरणाचा मालक सर्व्हर एकच ठेवायचा. बाकीच्या सर्व्हरांना त्या उपकरणाची बातमी द्यायची आणि गरज असेल तिथे त्याच्याकडे मागणी करण्याची सोय द्यायची. ही देवाणघेवाण एमक्यूटीटीवरून होते. तेलाच्या पाइपलाइनवरची माहिती महागड्या उपग्रह दुव्यावरून कमीत कमी बाइट्समध्ये पाठवायला १९९९ साली तयार झालेला हा प्रोटोकॉल. आपल्या वस्तीवरच्या सिमकार्डाच्या राउटरला त्याच्याइतकं समजून घेणारं दुसरं कोणी नाही.

आता घर आणि वस्ती वेगळी काढू, कारण दोन्हीकडचा इलाज वेगळा आहे.

घरात वर-खाली एकच वायफाय आहे. मग दोन सर्व्हर मुळात हवेत का? बहुतेकांना मी सांगतो की नकोत. एक सर्व्हर ठेवा, जिन्याच्या लँडिंगवर एखादा कायम चालू राहणारा स्मार्ट प्लग लावा, तो राउटरचं काम करेल. स्लॅबमधून सिग्नल जात नसेल तर लॅन केबलवर चालणारा कोऑर्डिनेटर मध्यावर बसवा. पण तुम्ही लिहिलंय की तुमचे प्रयोग सतत चालू असतात आणि त्यात आईच्या स्वयंपाकघरातला दिवा बंद पडू नये. हे कारण मला पटतं. रात्री अकराला अपडेट टाकून सकाळी देवघरातला दिवा लागत नाही म्हणून बोलणी खाल्लेल्या माणसाला तर फारच पटतं.

दोन सर्व्हर ठेवा, पण ब्रोकर (एमक्यूटीटीचं टपालघर, सगळे संदेश त्याच्यामार्फत जातात) एकच ठेवा. मॉस्किटो हा ब्रोकर खालच्या पायवर चालू द्या, कारण ज्या डब्याला तुम्ही सगळ्यात कमी हात लावता त्यावरच ब्रोकर असावा. झिगबीटूएमक्यूटीटी (झिगबीचे संदेश एमक्यूटीटीवर आणणारं सॉफ्टवेअर) दोन्ही मजल्यांवर वेगवेगळं चालेल आणि दोन्ही त्याच ब्रोकरला जोडली जातील. फक्त दोघांचे बेस टॉपिक वेगळे हवेत (टॉपिक म्हणजे संदेशावरचा पत्ता, बेस टॉपिक म्हणजे त्या पत्त्याची सुरुवात). डिफॉल्ट नाव दोन्हीकडे तसंच राहिलं तर दोघं एकमेकांच्या अंगावर लिहितील. समजायला सोपं म्हणून मी इथे टॉपिक देवनागरीत लिहितोय: खालच्याचा "तळमजला", वरच्याचा "माडी". (एमक्यूटीटीचे टॉपिक यूटीएफ-८ असतात, तेव्हा देवनागरी खरोखरच चालते. मी हौसेने करून पाहिलंय. नंतर होम असिस्टंट त्यावरून जी रोमन नावं बनवतो ती बघून हौस फिटली.) एवढं केलंत की खालच्या दाराचा सेन्सर "तळमजला/मागचं-दार" वर बोलतो आणि दोन्ही होम असिस्टंटना ऐकू येतो. दोन ब्रोकर जोडणारा ब्रिज वगैरे काही लागत नाही.

एका घरात दोन डोंगल म्हणजे चॅनेलही वेगळे हवेत. झिगबीचे २.४ गिगाहर्ट्झमध्ये ११ ते २६ असे सोळा चॅनेल आहेत आणि वायफाय त्याच पट्ट्यात नांदतं. वायफाय १, ६, ११ वर असेल तर झिगबीला १५, २० आणि २५ या फटी मिळतात. वायफायचा राउटर "ऑटो" वर ठेवू नका. तो एके दिवशी वायफाय मनाने सरकवतो आणि दोष डोंगलला मिळतो. डोंगल पायच्या निळ्या यूएसबी पोर्टमध्ये थेट खोचला असेल तर आधी एक्स्टेंशन केबल लावा, कारण यूएसबी ३ चा गोंगाट नेमका याच पट्ट्यात येतो. दीडशे-दोनशे रुपयांच्या केबलने सुटलेली "रेंजची" दुखणी मी कितीतरी पाहिली आहेत. पेअर करताना एका वेळी एकाच जाळ्याचं दार उघडा, नाहीतर माडीवरचा सेन्सर तळमजल्यात नांदायला जाईल.

वस्तीची गोष्ट वेगळी. तिथे स्वतंत्र सर्व्हर आणि स्वतंत्र ब्रोकर हवाच. नेट गेलं तरी टाकी भरल्यावर मोटर बंद झाली पाहिजे आणि तो निर्णय दीड किलोमीटर दूर घेऊन चालणार नाही. पण एका होम असिस्टंटला एमक्यूटीटी ब्रोकर एकच देता येतो, म्हणून दोन ब्रोकर एकमेकांशी बोलायला लागतात. यालाच मॉस्किटोचा ब्रिज म्हणतात: एक ब्रोकर दुसऱ्याकडे साधा ग्राहक म्हणून लॉगिन करतो आणि ठरवून दिलेले टॉपिक इकडून तिकडे नेतो.

ब्रिज एकाच बाजूला लिहायचा, वस्तीच्या बाजूला. वस्तीवर सिमकार्डाचं नेट आहे, म्हणजे बहुधा सीजीएनएटीच्या (अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देण्याच्या पद्धतीच्या) मागे. बाहेरून कोणी तिथे पोचूच शकत नाही, तेव्हा वस्तीनेच घराला हाक मारायची. मध्ये वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा टाका, आणि घराचं ब्रॉडबँडही सीजीएनएटीत असेल तर टेलस्केल ही तयार व्हीपीएन सेवा वापरा. वायरगार्डमध्ये कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा ठरावीक वेळचा संदेश) २५ सेकंद ठेवा, नाहीतर मोबाइल नेटवर्क थोड्या वेळाने तो रस्ता विसरून जातं. एमक्यूटीटीचं पोर्ट १८८३ इंटरनेटवर उघडून ठेवू नका, त्यावरून पासवर्ड साध्या अक्षरांत जातो. ब्रिज लिहूनही "कनेक्शन रिफ्यूज्ड" येत असेल आणि मॉस्किटो तुम्ही हाताने बसवलेला असेल, तर बघा: डिसेंबर २०२० च्या २.० आवृत्तीपासून लिसनर (कुठल्या पोर्टवर ऐकायचं ती ओळ) लिहिल्याशिवाय तो फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतो.

ब्रिजच्या प्रत्येक ओळीत टॉपिक, दिशा आणि क्यूओएस असतं (संदेश पोचवण्याची हमी: ० म्हणजे एकदा पाठवून विसरायचं, १ म्हणजे पोचपावती मिळेपर्यंत सोडायचं नाही). दिशा ज्या ब्रोकरवर ब्रिज लिहिलाय त्याच्या नजरेतून वाचायची. वस्तीवर "आउट" म्हणजे वस्तीकडून घराकडे. आपण माडीवर बसून लॅपटॉपवरून लिहितो, त्यामुळे हे हमखास उलटं होतं. आणि सगळ्यात मोठा मोह म्हणजे एकच ओळ लिहून मोकळं होणं: टॉपिक हॅश (#, म्हणजे सगळे टॉपिक), दिशा बोथ. सगळं इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. मी पहिल्या वर्षी हेच केलं होतं, वर कहर म्हणून ब्रिज दोन्ही बाजूंना लिहिला होता. एक संदेश पुढे गेला, दुसऱ्या ब्रिजने परत आला, परत पुढे गेला. दोन्ही पाय तापले आणि दिव्यांनी ताल धरला. बोथ ही दिशा एका बाजूच्या एकाच ब्रिजमध्ये निभते. दोन ब्रिज झाले किंवा तीन ब्रोकरांचा त्रिकोण झाला की भोवरा सुरू.

खरा धडा मात्र भोवऱ्याने नाही, मोटरने दिला.

कोकणात आमच्या घरी नारळी-पोफळीची बाग आहे. दोन अश्वशक्तीची सिंगल फेज मोटर, कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच) आणि त्याला झिगबी रिले (तो दुरून चालवणारा छोटा स्विच). मे महिना होता, मी पुण्यात. संध्याकाळी मोबाइलवरून मोटर चालू केली, पण बटण हललं नाही. पुन्हा दाबलं, तिसऱ्यांदा दाबलं. गावातलं नेट गेलंय हे लक्षात आल्यावर बाग बघणाऱ्याला फोन करून मोटर हाताने लावायला सांगितली. त्याने लावली, दीड तासाने बंद केली आणि घरी गेला. सकाळी सहाला त्याचा फोन: "दादा, रात्री मोटर तुम्ही लावलीत काय? टाकी वाहते आहे, पोफळीत सगळा चिखल झालाय."

नंतर लॉग उघडून बघितला. पावणेदोनला नेट परत आलं, ब्रिज जोडला गेला आणि संध्याकाळी दाबलेली तिन्ही बटणं गावी पोचली. मी क्यूओएस १ ठेवलं होतं आणि क्लीन सेशन बंद ठेवलं होतं (म्हणजे जोडणी तुटली तरी ब्रोकर संदेश राखून ठेवतो), कारण कुठेतरी वाचलं होतं की त्यामुळे "संदेश हरवत नाहीत". नाहीच हरवले. तापमानाचा आकडा उशिरा आला तर बिघडत नाही, पण मोटरचा हुकूम सात तासांनी पोचलेला कोणाला हवाय?

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळतो. स्थितीचे टॉपिक, म्हणजे मोटर चालू आहे की बंद, टाकी किती भरली, दार उघडं की मिटलेलं, हे क्यूओएस १ वर पाठवतो आणि रिटेन ठेवतो (म्हणजे ब्रोकर शेवटचा संदेश जपतो आणि नव्याने जोडलेल्याला लगेच देतो). आज्ञेचे टॉपिक क्यूओएस ० वर. ब्रिज तुटलेला असताना मॉस्किटो क्यूओएस ० चे संदेश मुळात साठवतच नाही. गेलं ते गेलं, माणूस पुन्हा बटण दाबेल. आणि आज्ञेला रिटेन कधीच लावायचं नाही. रिटेन झालेली "चालू कर" ही आज्ञा ब्रोकरच्या पोटात बसून राहते आणि रिले सांभाळणारं झिगबीटूएमक्यूटीटी रीस्टार्ट झालं की प्रत्येक वेळी ती त्याला पुन्हा मिळते. "लाईट आली की मोटर आपोआप चालू होते" अशी तक्रार आली की मी आधी एमक्यूटीटी एक्सप्लोरर (ब्रोकरवरचे टॉपिक दाखवणारा प्रोग्राम) उघडून "सेट" या आज्ञेच्या टॉपिकवर काही चिकटून बसलंय का ते बघतो. त्यानंतर रिलेचं पॉवर-ऑन बिहेवियर, म्हणजे वीज परत आल्यावर तो कुठल्या स्थितीत येतो. मोटरच्या रिलेवर ते "ऑफ" हवं, "प्रीव्हियस" नको.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. घराने रिलेला थेट आज्ञा द्यायचीच नाही. "वस्ती/मोटर/सेट" हा टॉपिक ब्रिजमधून जाऊ देऊ नका. त्याऐवजी "मागणी/मोटर" असा एक टॉपिक करा आणि त्यात "चालू" याच्यासोबत बटण दाबल्याची वेळ लिहा. वस्तीवरचा होम असिस्टंट ती मागणी वाचतो. मिनिटाहून जुनी असेल तर फेकून देतो. टाकी भरलेली असेल, विहिरीत पाणी कमी असेल, व्होल्टेज पडलेलं असेल, तर नकार देतो आणि नकाराचं कारण दुसऱ्या टॉपिकवर परत पाठवतो. मोटर लावलीच तर किती मिनिटांनी बंद करायची तेही तोच बघतो. काही रिलेंना आज्ञेतच "इतके सेकंद चालू राहा" असं सांगता येतं. तुमच्या रिलेला ते जमत असेल तर जरूर वापरा, म्हणजे वस्तीवरचा पाय मध्येच अडकला तरी मोटर थांबेल.

म्हणजे ब्रिजमध्ये वस्तीकडून घराकडे "वस्ती/मोटर", "वस्ती/टाकी" आणि अजून दोन-चार, आणि घराकडून वस्तीकडे एकटी "मागणी/मोटर". "वस्ती/हॅश" असं सरसकट दोन्हीकडे मोकळं सोडाल तर झिगबीटूएमक्यूटीटीच्या व्यवस्थापनाचे टॉपिकही जातील. मग घरच्या ब्रोकरचा पासवर्ड असलेला कोणताही डबा वस्तीवर नवं उपकरण पेअर करू शकेल किंवा जुनं काढून टाकू शकेल.

आता एक सापळा, ज्यात अनुभवी लोकही अडकतात. ब्रिजमध्ये टॉपिकाला पुढे उपसर्ग जोडायची सोय आहे: वस्तीवरचा "मोटर" घरी "शेत/मोटर" म्हणून दिसेल. छान वाटतं. पण झिगबीटूएमक्यूटीटी होम असिस्टंटला उपकरणाची ओळख करून देणारा डिस्कव्हरीचा संदेश पाठवतं, आणि स्थिती कुठल्या टॉपिकवर वाचायची हे त्या संदेशाच्या मजकुरात लिहिलेलं असतं. ब्रिज पाकिटावरचा पत्ता बदलतो, आतलं पत्र बदलत नाही. मग घरी मोटर यादीत दिसते, पण कायम "अनोळखी". म्हणून उपसर्गाच्या भानगडीत पडू नका. पहिल्या दिवसापासून प्रत्येक जाळ्याला वेगळा बेस टॉपिक द्या, तो सगळीकडे तसाच राहील.

याच्याच जोडीचा दुसरा सापळा. उपकरणाचा टॉपिक आणला, डिस्कव्हरी आणली, तरी उपकरण "अनुपलब्ध" दिसतं. कारण डिस्कव्हरी सांगते की वस्तीवरचं झिगबीटूएमक्यूटीटी जिवंत आहे की नाही ते त्याच्या "ब्रिज/स्टेट" टॉपिकवर बघा, आणि तो टॉपिक तुम्ही आणलेलाच नाही. (इथला ब्रिज म्हणजे मॉस्किटोचा ब्रिज नव्हे. नावं ठेवणाऱ्यांनी गोंधळ घालून ठेवलाय.) तेवढा एक टॉपिक "आउट" मध्ये घाला. डिस्कव्हरीही सगळी आणू नका. त्या टॉपिकात उपकरणाचा ६४ बिटांचा पत्ता असतो, त्या एका पत्त्यापुरती ओळ लिहिता येते. चार-पाचच उपकरणं असतील तर मी डिस्कव्हरीच्या वाटेला न जाता घरच्या सर्व्हरवर ती हातानेच लिहून टाकतो. मोटरच्या बाबतीत तर हातानेच लिहावं लागेल, कारण डिस्कव्हरीतून आलेलं बटण "सेट" वर बोलेल आणि आपल्याला ते "मागणी" वर बोलायला हवंय.

वस्तीचं नेट गेल्यावर काय होतं? घरच्या ब्रोकरकडे शेवटची रिटेन स्थिती तशीच राहते. टाकी सत्तर टक्के, सगळं आलबेल, आणि प्रत्यक्षात वस्ती सकाळपासून अंधारात. मॉस्किटो ब्रिजची स्वतःची स्थिती एका टॉपिकवर १ किंवा ० अशी सांगतो. त्यावर घरी एक सेन्सर करा आणि डॅशबोर्डवर मोटरच्या बटणाच्या शेजारीच ठेवा. शून्य असेल तेव्हा बटणच लपवा. आईला किंवा बाबांना "ब्रिज डाउन" समजावून सांगण्यापेक्षा "वस्तीशी संपर्क नाही" अशी पाटी बरी.

झिगबीटूएमक्यूटीटीऐवजी झेडएचए (होम असिस्टंटमधलंच झिगबी इंटिग्रेशन) वापरत असाल किंवा एमक्यूटीटी नकोच असेल, तर रिमोट होम असिस्टंट नावाचं कस्टम इंटिग्रेशन आहे. एचएसीएसमधून (अशा कस्टम इंटिग्रेशनच्या भांडारातून) घ्यायचं, दुसऱ्या सर्व्हरचं टोकन द्यायचं, की तिथली उपकरणं इथे दिसतात. वर-खाली दोन सर्व्हरसाठी ते चांगलं चालतं. वस्तीसाठी मी घेणार नाही. ते थेट स्विचच हातात देतं, नाही म्हणण्याचा अधिकार वस्तीकडे राहत नाही.

भिंतीवरचं झिगबी बटण आणि त्याचा दिवा एकाच जाळ्यात ठेवा. जिन्यातलं बटण माडीच्या जाळ्यात आणि जिन्यातला दिवा तळमजल्याच्या जाळ्यात असं झालं, तर दोन सर्व्हर, ब्रोकर आणि वायफाय एवढे सगळे जागे असतील तेव्हाच दिवा लागेल. एकाच जाळ्यात असतील तर बाइंडिंग (बटण थेट दिव्याशी जोडणं) करून सर्व्हर बंद असतानाही लागतो. आणि झिगबी राउटरचं काम दिव्यांवर सोपवू नका. आपल्याकडे बोर्डावरचं बटण बंद करूनच माणूस खोलीबाहेर पडतो, दिव्याबरोबर राउटरही जातो. बॅटरीवरचे काही सेन्सर तर जुना राउटर गेला की नवा शोधतच नाहीत, त्यांना हाताने पुन्हा पेअर करावं लागतं.

पुढे काही विकत घेणार असाल तर एवढं लक्षात ठेवा की सगळीच उपकरणं झिगबीसारखी एकनिष्ठ नसतात. बीटीहोम पद्धतीने ब्लूटूथवर आकडे प्रसारित करणारे थर्मामीटर कोणाचेच नसतात, टप्प्यातल्या कोणत्याही सर्व्हरने ऐकावं. ईएसपीहोमच्या (ईएसपी चिपवर चालणाऱ्या वायफाय) उपकरणाला दोन होम असिस्टंट एकाच वेळी जोडता येतात. मॅटर या मानकाचं उपकरण किमान पाच वेगवेगळ्या फॅब्रिकमध्ये (म्हणजे वेगवेगळ्या मालकांच्या जाळ्यांत) सामील होऊ शकतं, म्हणजे खरं वाटून घेणं तिथे आहे, पण ते एकाच स्थानिक नेटवर्कवर. वर-खाली जमेल, वस्तीपर्यंत नाही. आणि अमेरिकेतून कोणी प्रेमाने झेड-वेव्ह या दुसऱ्या रेडिओ पद्धतीची उपकरणं आणून देत असेल तर नको म्हणा. तिकडची ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालतात, भारतासाठीची ८६५.२ वर. त्यांना कुठल्याही ब्रिजने एकत्र बोलवता येणार नाही.

आता काम कसं कराल. आधी तिन्ही बेस टॉपिक बदला आणि दोन दिवस तसंच चालू द्या. मग वर-खालचा ब्रोकर एक करा. वस्तीचा ब्रिज सगळ्यात शेवटी, आणि पहिला आठवडा फक्त "आउट", मागणीची ओळ नाहीच. आकडे नीट येतात, नेट जाऊन आल्यावर पुन्हा येतात, हे दिसलं की मगच "मागणी/मोटर" जोडा. जोडल्यावर एक चाचणी चुकवू नका. वस्तीवर कोणालातरी स्टार्टरजवळ उभं करा, तिथल्या राउटरचा प्लग दहा मिनिटं काढायला सांगा, तेवढ्यात तुम्ही माडीवरून मागणी पाच वेळा पाठवा (बटण लपवलं असेल तर एमक्यूटीटी एक्सप्लोररमधून), मग प्लग लावायला सांगा आणि फोन चालूच ठेवा. पंधरा मिनिटांत मोटरचा आवाज आला नाही, तर त्या रात्री निवांत झोपा.